सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही, म्हणून तिची सही नको?

‘सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं असली, की वडिलांची जमीन ते परस्पर विकू शकतात,’ हा मेसेज निफाड-दिंडोरीकडे वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. सातबारा ही महसुलाची नोंद. नाव चढलं नाही म्हणून वारसाहक्क बुडत नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे, लग्न झालेलं असो वा नसो.

जमीन घेताना हे तपासायचं कसं? सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे नोंदीत झालेल्या बदलाचा क्रमांक असतो. वारसांच्या नोंदीचा फेरफार तलाठ्याकडून काढा, सगळ्या मुलामुलींची आणि आईची नावं जुळवा. एखादी बहीण गळालेली दिसली, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. साध्या कागदावरची सही पुरत नाही, मग ती कितीही राजीखुशीने दिलेली असो. दलालाशिवाय थेट व्यवहारात तर इसार (आगाऊ रक्कम) देण्याआधीच हे बघा.