नस जोडली, पुढे काय? ‘फेल’ या शब्दाची पार्श्वभूमी

सरकारी दवाखान्यात ‘नसबंदी फेल’ म्हणजे ऑपरेशन होऊनही बायकोला दिवस गेले. त्यासाठी अर्ज आहे, भरपाईही आहे. ‘जोडणी फेल’, म्हणजे नसबंदीनंतर नस पुन्हा जोडूनही उपयोग न होणं, याला असा एकच अर्थ नाही, आणि पुढचा रस्ता नेमका त्या अर्थावर ठरतो.

मागचा इतिहास थोडक्यात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रेल्वे स्टेशनांवरही नसबंदी होत असे. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. मूल दगावलं किंवा दुसरं लग्न झालं, की माणसं नस पुन्हा जोडून मागत. फाइलीत त्याला ‘रिकॅनलायझेशन’ म्हणतात. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने टाके घालायची पद्धत सत्तरच्या दशकात रुळू लागली.

आता ‘फेल’. १९९१ साली अमेरिकेत १,४६९ पुरुषांच्या जोडणीचा आढावा प्रसिद्ध झाला. नसबंदीला तीन वर्षं झाली नसतील तर ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले, पण मूल राहिलं ७६ टक्के जोडप्यांत. पंधरा वर्षं उलटली असतील तर हेच आकडे ७१ आणि ३०. म्हणजे सर्जनच्या हिशेबी पास आणि घरच्यांच्या हिशेबी नापास, असे बरेच जण निघतात. सल्ला देताना पहिलाच आकडा ठळक सांगितला जातो, हे मला खटकतं.

वीर्याच्या रिपोर्टवर पहिल्यापासून ‘निल’, म्हणजे शुक्राणू शून्य, असेल तर सांधा धरला नाही किंवा अडथळा मागे, एपिडिडायमिसमध्ये (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीत) आहे. पहिल्या रिपोर्टात शुक्राणू दिसले आणि काही महिन्यांनी गायब झाले, तर जखम भरताना नस आवळली गेली असावी. शुक्राणू आहेत पण दिवस जात नाहीत, तेव्हा त्यांची हालचाल, त्यांच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली अँटिबॉडी आणि बायकोचं वय, तिन्ही बघावं लागतं. या तिसऱ्या गटाला पुन्हा टेबलावर घेण्यात अर्थ नसतो. पहिल्या दोघांना दुसरी जोडणी करता येते. मात्र बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर वाट बघण्याचे महिनेच महाग पडतात.

१९९२ पर्यंत याशिवाय उरायचं ते दात्याचं वीर्य किंवा दत्तक. साध्या टेस्ट ट्यूबला एका स्त्रीबीजाभोवती हजारो चांगले शुक्राणू लागत, आणि नस बंद असलेल्या माणसाकडून सुईने काढलेल्या थेंबात तेवढा दम क्वचितच असे. त्या वर्षी ब्रसेल्समधून इक्सीने झालेल्या गर्भधारणा जाहीर झाल्या. यात एका बीजात एकच शुक्राणू सोडायचा. तेव्हापासून चित्र पालटलं. भूल देऊन एपिडिडायमिसमध्ये सुई घालतात, थेंब शेजारच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली जातो, वळवळ दिसली की काम झालं. नाही दिसली तर वृषणातूनच तुकडा घेतात. उरलेलं गोठवून ठेवता येतं. खरं तर जोडणीच्या वेळीच थोडे शुक्राणू गोठवले असते तर ही सुई टळली असती, पण ते विचारायचं कुणाला सुचत नाही. आणखी एक राहतंच. अडथळा नवऱ्याच्या नसेत, पण रोजची इंजेक्शनं घेते ती बायको, आणि बीजं काढण्यासाठी भूलही तिलाच.

टेस्ट ट्यूब, दात्याचं वीर्य अशा उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्याने वयाची मर्यादा घातली : बाई २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५. दाता नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचा, त्यामुळे ‘घरातलाच कुणी’ हा दबक्या आवाजातला जुना तोडगा कायद्यात बसत नाही.

दत्तकाची वाट २०२२च्या नियमांनी अरुंद केली. दोन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याचा विचार आता विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच होतो. नात्यातलं किंवा सावत्र मूल हा अपवाद. आणि नसबंदी केलेल्या पुरुषाला आधीची दोन मुलं बहुधा असतातच.