रविवारचं मटण आणि रक्तातला दाह

इंदूरच्या मराठी घरांत आषाढाचे शेवटचे पंधरा दिवस वेगळेच असतात. शेजारच्या हिंदी घरात गुरुपौर्णिमा झाली की सावन लागतो. आपला श्रावण लागतो अमावास्या उलटल्यावर. त्या मधल्या पंधरवड्यात शेजारी उपास असतो आणि राजेंद्रनगर-रामबागेतल्या मटण खाणाऱ्या घरांत रस्सा शिजत असतो. हल्ली या रश्श्याला एक नवी काळजी चिकटली आहे. रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेला दिसतो आणि घरात विचारलं जातं, ‘मग आता मटण बंद का?’

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की पेशी संदेश पाठवतात आणि यकृत ते रक्तात सोडू लागतं. जखम झाली, ताप आला तर हा दाह उपकारकच. चिंता असते ती वर्षानुवर्षं मंदपणे चालणाऱ्या दाहाची, कारण त्यात ना दुखतं, ना ताप येतो. तो खरंच घातक असतो का, याचा कस २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीत लागला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा तिच्यात समावेश होता. ज्यांना फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाचा मधला डोस दिला, त्यांच्यात पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे होतं.

यात लाल मांस कुठे येतं? आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बोकडाचं मटण ‘हलकं’ म्हणून आपण ते या यादीतून सहज वगळतो, पण शास्त्रज्ञांच्या व्याख्येत शेळी-मेंढीचं मांस लाल मांसातच मोडतं. चिकन आणि मासे त्यात येत नाहीत.

लाल मांसातलं नेमकं काय दाह वाढवत असेल, याच्या संशयितांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ‘न्यू-फाइव्ह-जीसी’ नावाचा साखरेसारखा रेणू. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर तो असतो, चिंपांझीच्याही असतो. माणसाच्या पूर्वजांत वीस-तीस लाख वर्षांपूर्वी त्याचं जनुक बिघडलं आणि आपलं शरीर तो बनवेनासं झालं. मटणातून तो पोटात जातो, थोडासा आपल्याच पेशींवर जाऊन बसतो, आणि रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडंही (अँटिबॉडीज) असतात. म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींवर परका पदार्थ बघतं. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे सॅन दिएगोला गेलेले अजित वर्की यांच्या गटाने हा धागा वर्षानुवर्षं उलगडला. हा रेणू न बनवणाऱ्या उंदरांना त्यांनी तो खाऊ घातला आणि सोबत प्रतिपिंडं दिली, तेव्हा उंदरांत दाह वाढला. दीर्घ प्रयोगात यकृताच्या गाठीही वाढल्या. माणसात मात्र हे इतक्या थेट सिद्ध झालेलं नाही.

दुसरी वाट आतड्यातल्या जिवाणूंची. मांसातल्या कार्निटिन नावाच्या घटकापासून ते एक वायू बनवतात आणि यकृत त्याचं टीएमएओ करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा पदार्थ रक्तवाहिन्यांत दाह पेटवतो. २०१९ मध्ये अमेरिकेत ११३ निरोगी माणसांवर चाचणी झाली. महिनाभर भरपूर लाल मांस खाल्ल्यावर त्यांच्यातलं टीएमएओ सरासरी तिपटीच्या आसपास गेलं. मांस थांबवल्यावर महिन्याभरात ते खाली आलं. महिनाभर! श्रावण पाळणाऱ्या माणसाला हा आकडा वाचून बरं वाटेल. पण त्याच महिन्यात साबुदाणा वडा आणि तळलेले बटाट्याचे पापड चालू असतील, तर पोटाच्या घेराला त्या श्रावणाचा काही पत्ता लागत नाही.

आणि घेराकडेच आता यायला हवं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासातल्या ३,६९० स्त्रियांचं विश्लेषण २०१४ मध्ये आलं. जास्त लाल मांस खाणाऱ्यांचा सीआरपी जास्त होता. पण वजनाचा हिशेब धरल्यावर हा संबंध जवळजवळ विरून गेला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात रक्तदाब असलेल्या ६० जणांपैकी काहींच्या जेवणातले पाव-भातासारखे पदार्थ कमी करून त्या जागी आठ आठवडे बिनचरबीचं लाल मांस दिलं. त्यांच्यात दाहाचे निर्देशक वाढले नाहीत. पोटातली चरबी मात्र स्वतःच दाहाचे संदेश सोडत राहते, मग ती कशानेही साठलेली असो. माझं मत सांगायचं तर, आठवड्यातून एकदा मटण खाणाऱ्या इंदूरकराने आधी रोजच्या पोह्यांवरची मूठभर शेव, संध्याकाळची कचोरी आणि सराफ्यातली, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतली, रात्र मोजावी. शाकाहारी घरांनीही मोजावी.

शिजवण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. आपल्याकडे मटणाला आलं-लसूण, हळद, दही लावून ठेवतात, झाकणावर पाणी ठेवून मंद आंचेवर शिजवतात, आणि ते पाणी तापलं की तेच आत ओततात. ओलसर उष्णता आणि आंबट मुरवण, दोन्हींमुळे दाहाला खतपाणी घालणारी ग्लायकेशनची संयुगं (साखर प्रथिनांना किंवा चरबीला चिकटून बनणारी) कमी तयार होतात. निखाऱ्यावर काळपट भाजलेल्या सीखकबाबात ती भरपूर असतात. रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसतो. तो चमच्याने काढून टाकला तरी चवीला फारसा धक्का लागत नाही.

कर्करोगाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामी, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. ताजं लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधी आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम इतकीच मर्यादा सांगतो. मुलांच्या डब्यातली सॉसेजं म्हणूनच मला रविवारच्या रश्श्यापेक्षा जास्त खुपतात.

रिपोर्टकडे बघताना तपासणी एचएस-सीआरपीची, म्हणजे अगदी कमी पातळीही टिपणारी, आहे ना, हे पाहावं. लिटरला १ मिलिग्रॅमखाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर बहुधा कुठला तरी संसर्ग चालू असतो. हिरड्या सुजलेल्या असल्या तरी आकडा चढतो, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारावी. कंबर मोजावी: मर्यादा भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. आणि सर्दी-खोकला असेल तर तो पूर्ण ओसरल्यावर, दोनेक आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करून दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत.