ब्रिसेईस कोणाकोणाच्या हातून गेली: ग्रीक कथा नव्या तोंडून सांगण्यामागचा जुना इतिहास

सर्सी, मेड्युसा, पेनेलोपी, कॅसांड्रा... गेल्या वीसेक वर्षांत ग्रीक पुराणातल्या जवळपास प्रत्येक बाईला इंग्रजीत स्वतःची कादंबरी मिळालीय, आणि त्यावरच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या, एक म्हणजे वा काय नवीन विचार आहे, आणि दुसरी म्हणजे ग्रीक महाकवी होमरची पार वाट लावली. दोन्हीकडे गृहीत एकच, की आधी एक पक्की मूळ कथा होती आणि आत्ता कुठे तिला कोणीतरी हात लावला. तसं काही नव्हतंच मुळात. हे दाखवायला एकच पात्र पुरेसं आहे, ट्रॉयच्या युद्धातली बंदिवान बाई ब्रिसेईस, कारण तिच्याइतकं हातोहात फिरलेलं पात्र दुसरं मला तरी माहीत नाही.

ट्रॉयविरुद्धच्या ग्रीकांच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य म्हणजे इलियड, आणि त्यातलं भांडणच तिच्यावरून. अ‍ॅगमेम्नॉनला, म्हणजे ग्रीकांच्या सेनापतीला, स्वतःच्या वाट्याची बंदिवान मुलगी तिच्या बापाला परत द्यावी लागते, मग भरपाई म्हणून तो ग्रीकांचा सर्वात मोठा योद्धा अकिलीस याच्या वाट्याला आलेली ब्रिसेईस उचलतो, अकिलीस रुसून लढाईच सोडून बसतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं. पण ही बाई स्वतः बोलते कधी, तर थेट १९व्या सर्गात, आणि साधारण १५,७०० ओळींच्या काव्यात तिच्या वाट्याला ओळी येतात १४. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून ती आक्रोश करते आणि त्यातच सांगून जाते की अकिलीसने माझा नवरा मारला, माझे तीन भाऊ गेले, तेव्हा तूच मला रडू देत नव्हतास, म्हणायचास की तुझं अकिलीसशी रीतसर लग्न लावून देईन. आणि मग होमर सांगतो की बाकीच्या बायकाही रडायला लागल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण रडत होती प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठी. हे एवढंसं वाक्य मला अख्ख्या काव्यात भारी वाटतं. म्हणजे दुसरी बाजू त्याला दिसत होती, तो तिथे रेंगाळला नाही इतकंच.

रेंगाळायचं काम नंतरच्यांनी केलं, आणि ते करायला त्यांना कोणी अडवलं नाही कारण ग्रीकांकडे या कथांचा एकच अधिकृत ग्रंथ असा नव्हताच. स्टेसिकोरस नावाच्या कवीने तर सांगून टाकलं की जिच्यासाठी हे युद्ध झालं ती हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती. इतिहासकार हेरोडोटसला इजिप्तमधल्या पुजाऱ्यांनी सांगितलं की ती तिकडेच होती, आणि इ.स.पू. ४१२ मध्ये युरिपिडीसने त्यावर नाटकच केलं, ज्यात ट्रॉयमध्ये असते ती नुसती हेलनची छाया, म्हणजे दहा वर्षं युद्ध कशासाठी झालं तर कशासाठीच नाही! अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत गोष्ट सगळ्यांना पाठ असायची, कस लागायचा तो ती कशी फिरवली यावर. आपल्याकडे 'ययाति' १९५९ला आणि 'मृत्युंजय' १९६७ला आली, एकीत देवयानी-शर्मिष्ठा स्वतः बोलतात, दुसरीत कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषालीही, त्यामुळे मराठी वाचकाला या प्रकाराचं फार अप्रूप वाटायचं कारण नाही.

युरिपिडीसच्याच 'मिडीआ' नाटकातली नायिका म्हणते की एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन लढाईत उभी राहीन. हे वाक्य लिहिलं पुरुषाने, मुखवटा लावून म्हटलं पुरुष नटाने, आणि इ.स.पू. ४३१च्या त्या स्पर्धेत तिघांत तो तिसरा आला. पुढे ४१५ मध्ये त्याने ट्रॉयच्या बायकांवर नाटक केलं, शहर पडल्यावर कोण कोणाच्या वाट्याला जाणार याची वाट बघत बसलेल्या बायका, आणि नुकतंच अथेन्सने मेलॉस बेटावरचे पुरुष मारून बायकामुलांना गुलाम केलं होतं, तर समोर बसलेल्यांना ते आठवलंच नसेल हे मानणं कठीण आहे.

ब्रिसेईसच्या हातात लेखणी दिली रोमन कवी ओव्हिडने. त्याने पुराणातल्या बायकांनी नवऱ्यांना, प्रियकरांना लिहिलेली पत्रं रचली, त्यातलं तिसरं तिचं. ती म्हणते की माझं ग्रीक कच्चं आहे, परकीय हाताने लिहिलंय, आणि जे डाग दिसतायत ते अश्रूंचे आहेत. (पत्र अर्थात अस्खलित लॅटिनमध्ये.) पण गंमत अशी की पत्रभर तक्रार एकच, मला सोडवायला का येत नाहीस, आणि नवरा-भाऊ गेल्याचं सांगून ती त्याच अकिलीसला म्हणते की आता तूच माझा मालक, तूच नवरा, तूच भाऊ. काहींना यात ओव्हिडची सहानुभूती दिसते, मला त्यातला 'मालक' हा पहिला शब्द जास्त बोचतो, आणि ओव्हिड इतका धूर्त लेखक आहे की तो त्याने उगाच पहिला ठेवला नसणार.

पुढचा टप्पा फार कमी जणांना माहीत असतो. मध्ययुगात पश्चिम युरोपात ग्रीक वाचणारे फारसे उरले नव्हते, तिथे ट्रॉयची गोष्ट चालायची ती डेरीस आणि डिक्टिस यांच्या नावावरच्या लॅटिन पुस्तकांवरून, आणि दोन्ही पुस्तकांचा दावा असा की लेखक प्रत्यक्ष युद्धात हजर होता. डिक्टिसची तर क्नॉसॉसला भूकंपात थडगं उघडलं आणि आत डबा सापडला अशी सुरस कहाणी. दोन्ही बनावट, पण लोकांनी होमरपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवला कारण 'मी स्वतः पाहिलं' म्हणणारा नेहमीच खरा वाटतो. डेरीसने ब्रिसेईसचं वर्णन केलंय, गोरी, सुंदर, आणि जुळलेल्या भुवया. ११६०च्या सुमारास बेन्वा द सँ-मोर या फ्रेंच कवीने हिला उचललं, दुसऱ्याच कोणाची मुलगी केलं, ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस याची प्रेयसी केलं आणि मग ग्रीक छावणीत गेल्यावर ग्रीक योद्धा डायोमीडच्या प्रेमात पाडलं. इटलीच्या बोकाचोने नाव बदलून क्रिसेइदा केलं, चॉसरने तिची इंग्रजी क्रिसेड केली (जुळलेल्या भुवया तिथेही आहेत!), आणि शेक्सपिअरपर्यंत येताना क्रेसिडा म्हणजे बेवफाईचं दुसरं नाव झालं होतं. युद्धात पकडलेली बाई, आणि चारपाचशे वर्षांत दोष तिच्याच पदरात.

विसाव्या शतकात वारं फिरलं त्याची कारणं बरीच आहेत, स्त्रीवादी चळवळ तर आहेच, पण दोन महायुद्धांनंतर वीरकथांवरचा विश्वासच उडाला होता. पूर्व जर्मनीच्या लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी १९८३ मध्ये ट्रॉयची राजकन्या कॅसांड्रा हिला निवेदक केलं तेव्हा युरोपात अणुक्षेपणास्त्रं तैनात व्हायची चर्चा चालू होती, आणि त्यासोबतच्या त्यांच्या व्याख्यानांतला काही मजकूर तिथल्या सरकारी सेन्सॉरने कापला.

त्यात पुराव्याचीही भर पडली. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये लिनिअर बी ही प्राचीन ग्रीक लिपी उलगडली आणि दक्षिण ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यातल्या, इ.स.पू. १२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्या वाचता आल्या. त्यात धान्य-अंजिराचा शिधा मिळणाऱ्या कामकरी बायकांच्या याद्या आहेत, कनिडॉसच्या बायका २१, मुली १२, मुलगे १०, अशा. नाव एकीचंही नाही, फक्त गाव, आणि ही गावं बरीचशी एजियन समुद्रापलीकडची, ज्या किनाऱ्यावर ब्रिसेईसचं लिर्नेसस सांगितलंय तोच.

ब्रिटिश कादंबरीकार पॅट बार्कर यांनी २०१८ मध्ये ब्रिसेईसकडून युद्ध सांगून घेतलं, पण काही प्रकरणांनंतर त्यांनाही अकिलीसच्या डोक्यात शिरावं लागलं, आणि टीकाकारांनी ते बरोबर पकडलं. माझ्या मते खरी उडी त्यांनी मारली ती त्याच मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात, २०२४ला, कारण तिथे निवेदक आहे रिट्सा, कॅसांड्राची दासी, आणि हिचं नाव होमरमध्ये शोधायला जाऊ नका, सापडणार नाही.