शांत ठेवायची गोळी आणि ती थांबवायची तारीख

ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं १९०१ साली. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद तेव्हापासून महाराष्ट्राने झिजवून गुळगुळीत केलाय आणि आम्ही ठाणेकर तो कॉलेजात, लग्नकार्यात, लोकलमध्ये निमूट ऐकत आलोय. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव अलॉइस अल्झायमर. अल्झायमर म्हटलं की आपल्याला विसराळूपणा आठवतो, पण डेटरबाईंच्या बाबतीत घरच्यांच्या आधी लक्षात आला तो संशय. नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय, असं त्यांनी घेतलं होतं. पुढे कोणीतरी आपल्याला मारायला आलंय असं वाटून त्या आरडाओरडा करायच्या. म्हणजे भास, संशय, चिडचिड हे सगळं या आजारात पहिल्या रुग्णापासून आहे. आई मुद्दाम करते किंवा बाबांचा स्वभावच बिघडला, असं त्यात काही नाही.

मी नौपाड्यात औषधाच्या दुकानात बसते. डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या, चिठ्ठीवर सहसा दोन तऱ्हेची औषधं असतात. डोनेपेझिल, मेमँटिन ही स्मरणशक्ती जरा टिकावी म्हणून. आणि रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलँझापिन, कधी हॅलोपेरिडॉल, ही ‘रात्री शांत राहावी’ म्हणून. दुसऱ्या तऱ्हेची औषधं मुळात स्किझोफ्रेनियासाठी निघाली. मेंदूत डोपामिन नावाचा निरोप्या असतो, त्याची दारं ती अडवतात. त्याने भास आणि संशय थोडे ओसरतात. पण हालचाल ठरवणारी यंत्रणाही त्याच डोपामिनवर चालते. म्हणून अंग ताठरतं, पाय घासत चालणं सुरू होतं, हात थरथरतात.

औषधाचा उपयोग किती, हे अमेरिकेत ४२१ अल्झायमर रुग्णांवर नीट तपासलं गेलं. निकाल २००६ साली आला. बारा आठवड्यांनंतर ओलँझापिनवर ३२ टक्के, रिस्पेरिडोनवर २९ टक्के, क्वेटियापिनवर २६ टक्के लोकांना फरक जाणवला. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर? २१ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता, आणि दुष्परिणामांमुळे गोळी बंद करावी लागण्याचं प्रमाण मात्र या तीन औषधांवरच जास्त होतं. जमाखर्च मांडला तर हातात फार उरत नाही.

खर्चाची बाजू त्याच्या आदल्या वर्षी उघड झाली होती. अमेरिकेच्या औषध नियामकाने १७ चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा साधारण दहा आठवड्यांत ही औषधं घेणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी सुमारे साडेचार टक्के दगावले होते, दिखाऊ गोळीवरचे सुमारे २.६ टक्के. बहुतेकांना हृदयाचा त्रास झाला किंवा न्यूमोनिया. तेव्हापासून तिकडे या औषधांवर काळ्या चौकटीत इशारा असतो आणि २००८ मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. पक्षाघाताचा आणि पडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. गुंगीतल्या माणसाला भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, हे लक्षात घेतलं तर यात न्यूमोनिया का येतो ते कळतं.

तरीही मी या औषधांना सरसकट नावं ठेवणार नाही. सून जेवणात विष कालवते या खात्रीने जेवण टाकलेल्या सासूबाई, रात्री काठी घेऊन बायकोच्या अंगावर जाणारे आजोबा, अशा वेळी गोळी लागते आणि कधी कधी तिच्यामुळेच माणूस घरात राहू शकतो. माझी तक्रार आहे ती भलत्या कारणासाठी दिलेल्या गोळीबद्दल. तोच प्रश्न पन्नास वेळा विचारणं, घरभर येरझाऱ्या घालणं, वस्तू लपवणं, यांवर या औषधांचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. माणूस इतका झोपाळतो की प्रश्न विचारायचा राहतो, त्याला उपयोग म्हणायचं असेल तर म्हणा.

‘घरी जायचंय’ हेही त्यातलंच. आमच्याकडे नौपाडा-पाचपाखाडीत जुन्या इमारती एकापाठोपाठ एक पुनर्विकासाला जातायत. चाळीस वर्षं पहिल्या मजल्यावर काढलेली आजी एकदम घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन पडते. दिवे लागणीला तिला घरी जायचं असतं, आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं चुकीचं नसतं. बाहेर अंधार पडला की हॉलच्या मोठ्या काचेत तिला एक म्हातारी दिसते, टक लावून पाहणारी. आपलं प्रतिबिंब न ओळखणं ही या आजारातली माहितीची गोष्ट आहे. तिन्हीसांजेच्या आधी पडदा ओढून घेणं आणि हॉलमध्ये भरपूर उजेड ठेवणं याला चिठ्ठी लागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट दुखण्याची. गुडघा दुखतोय हे ज्याला सांगता येत नाही, तो अंघोळीला उठवणाऱ्या मावशींचा हात पिरगाळतो. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रहिवाशांवर एक प्रयोग झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या जणांना पायरीपायरीने वेदनाशामक दिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्या गटातली अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. आणि कालपर्यंत बरी असलेली व्यक्ती दोन दिवसांत एकदम बिथरली, रात्रीचा दिवस करायला लागली, तर तो बहुधा डिमेन्शिया वाढल्याचा प्रकार नसतोच. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, आठवडाभराचं बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं, छातीतला कफ, आधी हे शोधायचं.

किंवा नवीन सुरू झालेलं औषध. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे काउंटरवरून रोज दिसतं. अल्झायमरमध्ये मेंदूतलं असिटिलकोलिन हे आठवणीसाठी लागणारं रसायन घटतं. डोनेपेझिल ते टिकवायला बघतं. आता त्याच चिठ्ठीत खाली रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकत्र असलेली गोळी असते. ट्रायहेक्सिफेनिडिल कशाला? रिस्पेरिडोनने अंग ताठरू नये म्हणून. पण ते काम करतं असिटिलकोलिन अडवूनच. सकाळच्या गोळीने मिळवलेलं रात्रीची गोळी घालवते, आणि घरचे दोन्हींचे पैसे भरतात. याच जातीची आणखी मंडळी घराघरांत बसलेली असतात: सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन. ही प्रत्येक गोष्ट म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ वाढवू शकते. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, त्यांना न सांगता आणलेली सर्दीची गोळीसुद्धा.

आणखी एक चकवा. रिस्पेरिडोनसारख्या शांत ठेवणाऱ्या औषधांनी काहींच्या अंगात अशी तगमग उठते की पाय स्थिर राहत नाहीत, बसलं की उठावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं अस्वस्थता वाढली, डोस वाढतो, तगमग आणखी वाढते. गोळी सुरू केल्यानंतर येरझाऱ्या सुरू झाल्या की आधी, हे तारखेसकट लिहून ठेवलेलं असलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

एका प्रकारच्या डिमेन्शियात तर फारच जपावं लागतं. लेवी बॉडी नावाच्या या आजारात माणसाला खोलीत लहान मुलं, मांजरं अगदी स्पष्ट दिसतात, चाल मंदावते, आणि भान एका दिवसात येऊन जाऊन असतं. अशांना हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर अंग लाकडासारखं होऊन जिवावर बेतू शकतं. भासांसाठी तिथे आधी डोनेपेझिलच्या जातीचं रिव्हास्टिग्मिनसारखं औषध वापरून बघतात, आणि फारच गरज पडली तर क्वेटियापिन, तेही अगदी थोडं.

दुसरे पर्याय? सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाने २०१४ च्या चाचणीत ४० टक्के रुग्णांची अस्वस्थता बरीच कमी केली, दिखाऊ गोळीने २६ टक्के. पण त्या डोसला ईसीजी बिघडत होता. मिर्टाझापिन, तेही नैराश्यावरचंच, २०२१ मध्ये नापास झालं. फिटवरचं व्हॅल्प्रोएट त्याआधीच. गुंगी आणणाऱ्या क्लोनाझेपामने तोल जातो आणि गोंधळ वाढतो. २०२३ मध्ये ब्रेक्सपिप्राझोल हे अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध ठरलं, पण काळी चौकट त्यालाही आहे.

आता तारखेचं. युरोपात अल्झायमरमधल्या आक्रमकपणासाठी रिस्पेरिडोनला परवानगी आहे ती जास्तीत जास्त सहा आठवड्यांची. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की पुरेशा डोसवर चार आठवड्यांत फरक नसेल तर औषध हळूहळू कमी करून बंद करा. फरक असेल तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघा. आमच्याकडे ‘मॅडम, मागच्याच गोळ्या द्या’ म्हणून जी चिठ्ठी पुढे येते, ती बऱ्याचदा गेल्या दिवाळीची असते. घड्यांवर फाटलेली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. जिच्यासाठी गोळी सुरू झाली ती व्यक्ती आता अंथरुणाला खिळलेली असते, मारायला धावण्याचा प्रश्नच उरलेला नसतो, गोळी मात्र चालूच. थांबवल्यावर सगळ्यांचं सुरळीत होतं असंही नाही. एका चाचणीत रिस्पेरिडोनने बरं वाटलेल्यांची गोळी बंद केल्यावर १६ आठवड्यांत ६० टक्क्यांचा त्रास परतला, चालू ठेवलेल्यांत ३३ टक्क्यांचा. त्यामुळे हे डॉक्टरांच्या नजरेखाली, पायरीपायरीने करायचं काम आहे. गोळी सुरू होते त्याच दिवशी विचारा: नेमकी कशासाठी, आणि पुन्हा कधी बघायचं? उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्या.

आणि गोळी वरणभातात कुस्करून देत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. क्वेटियापिनच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर असेल तर ती गोळी कुस्करायची नसते, तोडायचीही नसते; दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एका घासात अंगात जातं. तीच साध्या प्रकारात मिळते, कधी पातळ औषधही मिळतं. तसं डॉक्टरांकडून बदलून आणा, आम्ही देऊ.