वारा उठायच्या आत सावनेर

नागपूरच्या वायव्येला नकाशावर सायकलीसाठी एक छान गोल दिसतो. छिंदवाडा रोडनं कोराडी ओलांडून सावनेर, तिथून धापेवाडा, पुढे कळमेश्वर आणि काटोल रोडनं फेटरीवरून घरी. ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मध्ये घाट नाही. आठवड्यातून दोन-तीनदा सायकल काढणाऱ्याला झेपेल असा.

पहिल्यांदा आम्ही तिघं हा गोल उलटा फिरलो, कळमेश्वर आधी. जानेवारीचा रविवार, थंडीमुळे निघता निघता साडेसात वाजले. धापेवाड्यापासून सावनेरपर्यंत वारा तोंडावर. "परतीला हाच वारा ढकलेल, घेऊ भरून," असं एकमेकांना सांगत आम्ही पॅडल मारत होतो. परतीला वाऱ्यानं ढकललंही. पण भरून काही निघालं नाही आणि घरची पोह्यांची वेळ टळली ती टळलीच. त्या रात्री वही घेऊन बसलो.

समजा, सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो आणि पायांतून सतत १०० वॅट निघतायत. मध्यम दमाच्या माणसाला हे जमतं. ओळखायची खूण सोपी: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. निवांत हवेत एवढ्या जोरावर वेग मिळतो ताशी साधारण २४ किलोमीटर. ३६ किलोमीटर जाऊन तितकंच परत यायला तीन तास लागतील. आता ताशी १० किलोमीटरचा वारा सुटला असं धरा. वाऱ्याविरुद्ध वेग उतरतो साडेअठरावर आणि वाऱ्याबरोबर चढतो तीसच्या घरात. दोन्हींची सरासरी २४ च्या किंचित वरच येते, म्हणजे फायदा दिसायला हवा. पण जाताना एक तास ५७ मिनिटं आणि येताना एक तास १२ मिनिटं, एकूण तीन तास नऊ मिनिटं. गोम अशी की वाईट वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो आणि चांगल्या वाऱ्यातून चटकन निसटतो. वारा उधारी फेडतो, पण पूर्ण कधीच नाही.

आडव्या वाऱ्याचा तर मला मोठाच गैरसमज होता. बाजूनं येतो, त्याचं काय जातंय! प्रत्यक्षात अंगावर येणारी हवा ही आपला वेग आणि वारा यांची मिळून बनते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी २० नं चालताना काटकोनात १० चा वारा आला, तर समोरून होणारा रोध सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गोलाकार वाटेवर अर्ध्याहून जास्त दिशा वाऱ्याच्या विरोधातल्याच ठरतात. वाऱ्याच्या दिवशी सगळीकडूनच वारा तोंडावर असल्यासारखं वाटतं, त्यात रडगाण्याचा भाग थोडा असतो, पण भौतिकशास्त्राचाही असतो.

वारा टाळता येत नाही, पण वाऱ्याची झोप पकडता येते. हिवाळ्यात रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून गार पडते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते आणि खाली बसून राहते. वरून वाहणारा वारा या थरावरून घसरत जातो, खाली उतरत नाही. पहाटे खेड्यांवर शेकोटीचा धूर चादरीसारखा आडवा पसरलेला दिसतो, तो याच थरात अडकलेला. ऊन पडून जमीन तापली की हवा वर-खाली ढवळू लागते आणि वरचा जोरकस वारा जमिनीपर्यंत पोचतो. नऊच्या सुमारास अचानक वारा सुटला असं आपण म्हणतो. तो वाहत होताच, फक्त आपल्या डोक्यावरून.

हे सगळं एका नजरेत दाखवणारं यंत्र नागपूरकरांच्या समोरच उभं आहे. कोराडीच्या वीजकेंद्राची उंच धुराडी कितीतरी दुरून दिसतात. पहाटे त्यांच्या तोंडाशी निघालेला पट्टा एकाच उंचीवर पट्टीनं आखल्यासारखा सरळ लांबत जातो. वरचा वारा कुठून कुठे चाललाय, ते त्यावरून कळतं. हाच पट्टा वर-खाली हेलकावे खाऊ लागला, तुटक झाला, की समजावं हवा ढवळायला सुरुवात झाली आणि आपली मोफतची वेळ संपली. मोबाइलवरच्या हवामानाच्या बाणांपेक्षा मी या पट्ट्यावर जास्त विश्वास ठेवतो.

मग गोल कोणत्या बाजूनं फिरायचा? आता आम्ही आधी सावनेर करतो. हिवाळ्यात इथला वारा बराचसा उत्तर-ईशान्येकडून येतो. उत्तरेकडची ही दौड सहाला निघून केली, तर वारा जागा होईपर्यंत सावनेर येतं आणि धापेवाडा-कळमेश्वरकडे वळल्यावर तो पाठीशी लागतो. उन्हाळ्यात वारा पश्चिम-वायव्येचा, म्हणजे कळमेश्वरहून परततानाही तो मागूनच. शिवाय असा फिरलेला गोल घड्याळाच्या उलट दिशेचा होतो. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे मोठी वळणं सगळी डावी येतात, समोरचे ट्रक कापत उजवीकडे जावं लागत नाही. सावनेर रस्त्यावर कोळशाच्या गाड्या चालतात, तिथे ही गोष्ट मी वाऱ्याहूनही वर ठेवीन.

तोटा एकच, पण खरा आहे. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, म्हणजे सुरुवातीला दिवा हवाच. आणि साडेनऊला कळमेश्वरहून आग्नेयेकडे येताना ऊन थेट डोळ्यांत. आपल्या डोळ्यांत, तसंच मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही. काळा टी-शर्ट घातलेला सायकलवाला त्याला दिसतच नाही. पोपटी जॅकेट आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू, याला पर्याय नाही.

चढाचं थोडक्यात. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्यांना सपाटच वाटतो, पण ८५ किलोच्या वजनाला तो मागून साडेआठशे ग्रॅमचं वजन टांगल्यासारखा ओढतो. ताशी २० ला निवांत हवेचा रोध सातशे ग्रॅमच्या आसपास असतो. "आज पाय चालत नाहीत बे" असं वाटलं की आधी समोरच्या ओढ्याकडे बघावं. पाणी आपल्याकडे वाहत येत असेल, तर पायांचा दोष नाही.

रस्त्याची गंमत कळमेश्वरच्या बाजूला. सावनेर-कोराडी पट्ट्यातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांतला, तर पश्चिमेचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दोन युगांची हद्द सायकलवर ओलांडतो आपण, आणि पाटी कुठेच नाही. पाटी म्हणाल तर माती. लाव्हाचा दगड कुजून झालेली काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या वावरातल्या भेगेत अख्खी बोटं जातात. डांबराखालची मधली माती झाकलेली असते, म्हणून तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र दरवर्षी फुगते-आकसते, म्हणून भेगा आणि लाटा कडेनंच पडतात. बाभळीचे काटेही कडेलाच साचतात. तेव्हा अगदी कडेला चिकटून चालवू नये, हात-दीड हात आत राहावं. टायरही दगडासारखा फुगवू नये. खडबडीत रस्त्यावर कडक टायर सायकलसकट अंग हादरवतो आणि ती हादरण्याची ऊर्जाही आपल्याच पायांतून जाते. २८ मिलिमीटरच्या टायरला मी हवेचा दाब सत्तर पीएसआयच्या आसपास ठेवतो.

धापेवाड्याला विठ्ठलाच्या देवळाजवळ चहाला थांबलो की हमखास विचारणा होते, "गाडी खराब झाली का जी?" गाडी ठीक असते, तापलेलं असतं इंजिन. पायांतून १०० वॅट बाहेर पडतात तेव्हा शरीरात त्याच्या तिप्पट उष्णता तयार होते. ती सगळी घामावाटे घालवायची, तर तासाला जवळपास अर्धा लिटर घाम नुसता येऊन भागत नाही, वाळावा लागतो. जुलैच्या दमट हवेत तो ठिबकून वाया जातो, अंग तापतच राहतं. मेमध्ये उलट, इतका झटकन वाळतो की घाम आला हे कळतच नाही. कळमेश्वरला टोपी काढावी तर पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ, आणि बाटली अजून अर्धी भरलेली.

म्हणून आता त्या महिन्यात सावनेरचं नावच काढायचं नाही. फेटरीपर्यंत जायचं आणि सातला परत. हवा पस्तीस अंशांच्या वर गेली, म्हणजे आपल्या कातडीहून गरम झाली, की सायकलवरचा वारा घाम वाळवतो खरा, पण वर आणखी उष्णताही देऊ लागतो.