कॅथेटरजन्य रक्तसंसर्ग : प्रयोगशाळेतील निदान

मोठ्या नीलेत घातलेल्या नळीतून, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत सेंट्रल लाइनमधून, जंतू रक्तात उतरले आहेत की नाही, हे ठरवण्याच्या चाचण्या. डायलिसिस आणि केमोथेरपीच्या रुग्णाला हुडहुडी भरून ताप आला आणि दुसरे कारण सापडले नाही, की संशय लाइनवर जातो.

सर्वांत परिचित पद्धत डेनिस माकी व सहकाऱ्यांची (1977). काढलेल्या नळीचे सुमारे 5 सेंमी. टोक रक्त-अगारच्या (जंतू वाढवण्याचे रक्तमिश्रित माध्यम) प्लेटवर पुढेमागे लोळवतात. 15 किंवा अधिक वसाहती (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) उगवल्या तर टोक दूषित मानतात. मात्र यात फक्त नळीची बाहेरची बाजू तपासली जाते. बरेच दिवस ठेवलेल्या लाइनमध्ये जंतू बहुधा आतल्या पोकळीत असतात. म्हणून पुढे टोक द्रवात घुसळून किंवा ध्वनिलहरींनी हलवून जंतू मोजण्याच्या पद्धती आल्या. तरीही दूषित टोक म्हणजे रक्तातला संसर्ग नव्हे, आणि टोक तपासायला लाइन काढावी लागते ती लागतेच. ताप नसताना सवयीने ‘टिप कल्चरला’, म्हणजे टोकावरचे जंतू वाढवून पाहायला, पाठवण्याला फारसा आधार नाही.

त्यामुळे जोडीच्या ब्लड कल्चरकडे, म्हणजे रक्त बाटलीत घेऊन त्यातले जंतू वाढवून पाहण्याकडे, अधिक कल दिसतो. एक बाटली लाइनमधून, एक हातातून. दोन्हींत रक्त सारख्याच प्रमाणात, आणि अँटिबायोटिकच्या आधी. बाटलीवर ‘लाइन’ की ‘हात’ हे लिहिले नसेल, तर सगळी मेहनत वाया. दोन्हींत एकच जंतू आढळला आणि लाइनची बाटली, जंतूंची वाढ आपोआप टिपणाऱ्या यंत्रात, किमान 120 मिनिटे आधी ‘पॉझिटिव्ह’ झाली, तर दोष लाइनचा मानतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या बाबतीत मात्र एवढे अंतर नाही म्हणून लाइन निर्दोष धरू नये.

 मुंबईच्या उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये असे यंत्र सहसा नसते. बाटल्या दुचाकीवरून लांबच्या लॅबला जातात. मे महिन्याच्या उकाड्यात बॅगेतच जंतू वाढू लागले, तर दोन बाटल्यांतले वेळेचे अंतर बुजते. म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवणे मात्र त्याहून वाईट.

पाच दिवस दोन्ही बाटल्यांत काहीच उगवले नाही, तर लाइनवरचा संशय बराचसा फिटतो. आधी अँटिबायोटिक दिलेले असल्यास तितकासा नाही.