'कोलेस्टेरॉल फ्री' म्हणजे हृदयाला चांगलं? नाही हो!

फरसाण, चिप्स, बिस्किटांच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' दिसलं की लोक बिनधास्त घेतात, घरी बीपी-शुगरवाले असले तरी, आणि हा गैरसमज कित्येक वर्षं चालूच आहे. अहो, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच! ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, दूध, अंडी, मटण वगैरे.

खरा प्रश्न सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे संपृक्त चरबीचा. या पाकिटांतल्या पदार्थांत बऱ्याचदा पाम तेल असतं, त्यात ती साधारण निम्मी असते आणि तिच्यामुळेच आपलं लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढू देतं, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आणि पामतेलच का, तर स्वस्त पडतं, तळायला टिकतं, लवकर खवट होत नाही. बहुतेक येतं इंडोनेशिया-मलेशियातून, आपण जगातले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, म्हणून तर एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली (तीनेक आठवडेच) तर इकडे सगळ्यांना धडकी भरली. ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) मात्र 2022 पासून तेल-वनस्पती तुपात 2 टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरंच चांगलं झालं.

तेव्हा प्लीज पाकीट उलटं करा, घटकांत 'पामोलिन' (म्हणजे पाम तेलच, त्याचा पातळ भाग) आहे का बघा, आणि सॅच्युरेटेड फॅटचा आकडा वाचा.